शेवटचे दहा किलोमीटर

"मग आता शेवटचे दहा तुम्ही माझ्याबरोबर धावणार ना, नाना?"

नाना अंगणातल्या शेकोटीत काटक्या सरकवत होते. वर बघितलं नाही.

"रेवती कुठाय?"

"वहिनी? ती हाफ मॅरेथॉन धावणार आहे. फुल कॅन्सल."

"हं..."

काटकी तडतडली.

"कधी ठरलं?"

"काल. जेवताना."

"कुणी ठरवलं?"

"...म्हणजे, सगळ्यांनीच."

नाना परत गप्प. आणि ते गप्प बसले की माझी बडबड दुप्पट होते, हा माझा जुना प्रॉब्लेम आहे. त्यामुळे त्यांना काय उत्तर दिलं ते नंतर. आधी तुम्हाला सगळं सांगून टाकतो.

नाना म्हणजे लहानू गांगुर्डे. वय सहासष्ट. रेल्वेत कीमन होते, चौतीस वर्षं. कीमनचं काम काय, तर रोज आपल्या हद्दीतले रूळ चालत तपासायचे. जाताना एक रूळ बघत जायचं, येताना दुसरा. कुठे रूळ धरून ठेवणारी लोखंडी चावी सैल झाली असेल तर हातोडीनं ठोकायची. रिटायर झाल्यावर त्यांना घरी बसवेना. चालायची सवय, आणि आता तर रूळपण नाहीत बघायला. मग ते धावायला लागले.

आता नाशिकरोडला आम्ही चौदा जण पहाटे त्यांच्या मागे धावतो.

नानांची एक पद्धत आहे. मॅरेथॉन बेचाळीस किलोमीटरची. बत्तीस किलोमीटरला माणूस संपतो. पाय दगड होतात, डोकं म्हणतं, चल घरी, कुणी सांगितलंय. बरोबर तिथे नाना उभे असतात, कानाला मफलर गुंडाळून. आणि शेवटचे दहा ते एका माणसाबरोबर धावतात. पहिल्यांदा धावणाऱ्यांपैकी एकाच माणसाबरोबर. दरवर्षी एकच. ज्यांच्याबरोबर ते धावले ते लोक अजून सांगतात, नाना काही बोलले नाहीत रे, नुसते शेजारी होते, पण मी पोचलो.

मला ते पाहिजे होतं. मेडल, फोटो वगैरे ठीक आहे. मला ते दहा किलोमीटर पाहिजे होते.

या वर्षी ग्रुपमध्ये पहिल्यांदा धावणारे दोघंच. मी आणि माझी वहिनी.

आता वहिनीबद्दल. तिला ग्रुपमध्ये मीच आणलं. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच. दादाचं लग्न मे महिन्यात झालं. सप्टेंबरमध्ये मी घरात जाहीर केलं की मी मॅरेथॉन धावणार. आई म्हणाली, बरं, गिझर बंद करत जा. दादा हसला. एकटी वहिनी म्हणाली, "मी येऊ का भाऊजी, सोबतीला?"

सोबतीला.

पहिल्या दिवशी ती माझ्या मागे होती. दिवाळीला माझ्या बरोबरीनं. आणि डिसेंबरात, गारठा पडला तेव्हा, मी तिची वेणी बघत धावत होतो. रोज. ती वेणी डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे, एकदम मजेत. बाई निफाडची. तिकडे हिवाळ्यात द्राक्षबागेतल्या पानांवर बर्फ जमतो. आमच्याकडे सात डिग्री झाले की मी तीन कपडे घालायचो, आणि ती म्हणायची, "आज बरंय नाही? फार थंडी नाही."

शूज पण माझेच. म्हणजे माझ्याच कंपनीचे, माझ्याच रंगाचे, दोन नंबर लहान.

मी वाईट माणूस नाहीये. खरंच सांगतो. ती माझ्यासाठी बाजरीची खिचडी करून ठेवायची, माझे पाय दुखले तर तेल गरम करून द्यायची. पण मी बाथरूममध्ये बसून तिची ॲपवरची प्रत्येक रन बघायचो. ती आठ धावली असेल तर मी कुणाला न सांगता नऊ धावायचो. ती आजारी पडली त्या आठवड्यात मी इतका खूश होतो की आईनं विचारलं, काही जमलंय का रे कुठे?

आणि नाना. माझी पावलं बघून नाना म्हणायचे, "टाच आपटतोय." तिची बघून काहीच म्हणायचे नाहीत. नुसते बघायचे. मला वाटायचं, मला पण एकदा असंच नुसतं बघा ना.

संक्रांत झाली. तिची पहिली संक्रांत. काळी साडी, हलव्याचे दागिने, सगळा थाट. आणि खाली साडीच्या काठाशी पायाच्या अंगठ्याचं काळंनिळं नख. धावून धावून आमच्या सगळ्यांचंच होतं तसं. हळदीकुंकवाला आलेल्या बायका बघत होत्या आणि आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मला मात्र एकच गोष्ट खुपली. माझं नख अजून काळं झालं नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी बत्तीस किलोमीटरची सगळ्यात लांब रन होती. म्हणजे परवाच. आदल्या दिवशी नानांनी आम्हा दोघांना बाजूला बोलावलं.

"तुमची दोघांची रन वेगळी."

"म्हणजे?"

"हिवाळ्यात रूळ आकसतो. कधी चिरतो पण. म्हणून थंडीत जादा गस्त असायची. ज्याची त्याची हद्द ठरलेली. माझ्या हद्दीच्या टोकाला पलीकडच्या हद्दीचा माणूस यायचा. तिथं दोघांनी आपली गस्तीची वही बदलायची. माझी वही त्याच्याकडं, त्याची माझ्याकडं. मग परत फिरायचं."

"कशाला?"

"वही बदललेली असली म्हणजे दोघंही टोकापर्यंत आले. घरी झोपून सह्या मारल्या नाहीत."

"आणि दुसरा आलाच नाही तर?"

"थांबायचं."

मग त्यांनी सांगितलं. कालव्याकडेचा रस्ता. मी पंपहाउसकडून निघायचं, वहिनीनं दुसऱ्या टोकाच्या द्राक्षाच्या शेडकडून. मध्ये सोळा किलोमीटरवर एक मोरी आहे, म्हणजे छोटा पूल. तिथे भेटायचं. हातातली, रन मोजणारी घड्याळं बदलायची. तिचं घड्याळ बांधून मी माझ्या टोकाला परत, माझं बांधून ती तिच्या टोकाला परत. घड्याळ मध्ये बंद करायचं नाही. आणि ही गोष्ट तिघांतच राहू द्यायची.

वहिनी हसली. "भाऊजी, माझ्या घड्याळाचा पट्टा तुटेल तुमच्या मनगटाला."

रविवारी पहाटे नाना माझ्या टोकाला पंपहाउसच्या पायरीवर बसले. दादानं वहिनीला शेडपाशी सोडलं आणि घरी येऊन परत झोपला. मी सुटलो. असा सुटलो की विचारू नका. मला फक्त एक पाहिजे होतं. मोरीवर मी आधी पोचायचं आणि ती आली की घड्याळाकडे बघत म्हणायचं, अरे, आलीस का?

एक तास छत्तीस मिनिटांत पोचलो. माझ्यासाठी भारी वेळ.

वहिनी मोरीच्या कठड्यावर बसली होती. हात काखेत घालून. ओठ निळे.

"आलात भाऊजी? मला वाटलं रस्ता चुकले."

"कधी आलीस?"

"झाली बारा मिनिटं. अंगावरचा घाम गार पडला हो. द्या लवकर."

घड्याळं बदलली. तिच्या बोटांना बक्कल लागेना, मी लावून दिलं. आणि ती तिकडे गेली. वेणी डावीकडे, उजवीकडे.

परतीचे सोळा मी कसेबसे एक तास चाळीस मिनिटांत ओढले. नानांनी माझ्याकडे बघितलं, पाण्याची बाटली दिली, आणि म्हणाले, "घरी जा. झोप."

घरी आलो, घड्याळं परत बदलली, ज्याचं त्याला गेलं. आंघोळ केली, मोबाइल बघितला. आणि...

आता हे नीट ऐका. माझ्या घड्याळात काय होतं? माझे जातानाचे सोळा, आणि तिचे परतीचे सोळा. ती तर एक तास सव्वीसमध्ये उडत गेली होती. म्हणजे ॲपवर माझ्या नावावर बत्तीस किलोमीटर, तीन तास दोन मिनिटं. आणि तिच्या नावावर तिचे जातानाचे सोळा, ती बारा मिनिटं थांबलेली, आणि माझे रडत रखडत आलेले सोळा. तीन तास सोळा मिनिटं.

ॲपनं आपलं आपण ते ग्रुपवर चढवूनही टाकलं होतं.

ग्रुपवर पाऊस पडला होता. "निनाद भावा, मशीन आहेस." "तीन दोन? हा तर आता थांबत नाही." "रेवतीताई, होतं असं एखाद दिवशी, मनाला लावून घेऊ नका."

कुणी नकाशा नीट बघितला असता तर लगेच कळलं असतं. माझी रेघ पंपहाउसला सुरू होऊन सरळ द्राक्षाच्या शेडवर संपत होती, आणि मी तर पंपहाउसवरून घरी आलो होतो. पण नकाशा कोण बघतं? सगळे आकडा बघतात.

मी लिहिणार होतो खरं काय ते. टाइपपण केलं. मग पुसलं. नाना म्हणालेच होते ना, तिघांतच ठेवा. एवढं बरं कारण आयतं मिळालं होतं. मी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं आणि लिहिलं, "मेहनत."

वहिनीनं पण ते वाचलं असणार. ती ओट्यापाशी मटार सोलत होती. काही बोलली नाही.

बोलली असती तर बरं झालं असतं.

मग कालचं जेवण. दादानं मोबाइल आईला दाखवला. आई म्हणाली, "चौदा मिनिटं मागे? बघ गं बाई, निनादला जमतंय, तुला झेपत नाहीये. ओठ काय, नखं काय. मे महिन्यात लग्न झालंय तुझं, पाय मोडून बसशील."

दादा म्हणाला, "या वर्षी हाफ धाव ना. मंगळवारी संध्याकाळी सहापर्यंत बदलता येतं. मी भरतो फॉर्म."

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. एकदाच. रागानं नाही. मोरीवर बघत होती ना, रस्त्याकडे, मी येतोय का म्हणून... तसं.

मी खिचडीवर लिंबू पिळत होतो. पिळून झालं होतं तरी पिळत होतो.

"बरं," ती म्हणाली. "हाफ धावते."

तर अशी सगळी स्टोरी. आणि आज मंगळवार, पहाटे मी नानांच्या अंगणात. एकटा. विचारतोय की शेवटचे दहा माझ्याबरोबर ना?

"सगळ्यांनी ठरवलं," नाना म्हणाले. "तू पण होता का त्या सगळ्यांत?"

"मी... मी काही बोललो नाही."

"हं."

त्यांनी शेकोटीवर राख सारली. उठले. अंगावरची शाल काढून खाटेवर टाकली. मफलर तेवढा राहू दिला.

"चल."

"कुठे?"

"शेवटचे दहा पाहिजेत ना? आत्ताच धावू."

"आत्ता? नाना, परवाच बत्तीस झालेत. पाय अजून..."

"बत्तीस झाल्यावरच असतात ते दहा. बत्तीसच्या आधी कुणाला लागतात?"

मी त्यांच्या मागे निघालो.

फाटकापाशी आलो. नाना म्हणाले, "परवा परतीचे सोळा किती वेळात आलास? घड्याळ काय म्हणतं?"

"...एक तास सव्वीस."

"त्या वेगानं जाऊ. तुझाच वेग आहे. तुला काय जड."

मला वाटलं, नाना गंमत करतायत. सहासष्ट वर्षांचा माणूस. मी हसलो.

नाना सुटले.

पहिला किलोमीटर ठीक गेला. खरं तर छान वाटत होतं. नाना माझ्या शेजारी होते, फक्त माझ्या, धुकं होतं, कुठेतरी कुणीतरी रेडिओ लावला होता. मी मनात म्हणालो, हेच. हेच पाहिजे होतं मला.

दुसऱ्याला मी बोलायचं बंद केलं.

तिसऱ्याला माझ्या घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. नानांच्या पावलांचा आवाजच येत नव्हता. कसला माणूस आहे हा, मी बघितलं तर त्यांची पावलं सारखी, एका मापाची, जसं काही खाली अजून रूळ आहेत आणि ते तपासत चाललेत.

"नाना... जरा..."

"काय झालं?"

"जरा हळू..."

"हळू कसं? तुझाच वेग आहे हा."

चौथा किलोमीटर पूर्ण झालाच नाही. शेवग्याच्या झाडाखाली मी वाकलो, गुडघ्यावर हात ठेवले आणि जी काही सकाळची केळी खाल्ली होती ती रस्त्याला अर्पण केली. मांडीत पेटके. डोळ्यांतून पाणी. ते उलटीमुळं असेल, काय माहीत.

नाना पुढे गेले होते. परत आले. माझ्याजवळ उभे राहिले. धाप नाही, काही नाही.

"आजारी आहेस का?"

"नाही."

"मग?"

मी खाली बघत होतो.

"तो वेग माझा नाही, नाना."

"कुणाचा?"

"...तिचा."

"हां."

"तुम्हाला माहीत होतं?"

"परवा तू आलास तेव्हा तुझ्या मनगटात तिचं घड्याळ रुतलेलं होतं. निशाण अजून आहे बघ."

होतं. लाल वळ.

"मग तुम्ही बोलला का नाहीत? ग्रुपवर सगळे लिहीत होते, तुम्ही पण वाचलं असेल. एक शब्द टाकला असता तर..."

"मी टोकाला बसलो होतो. मोरीवर तुम्ही दोघं होता."

मी रस्त्याच्या कडेला बसलो. गवत दवानं ओलं होतं, पँट भिजली. आणि मग माझ्या तोंडून सगळं भडाभडा बाहेर आलं. ॲप, बाथरूम, नऊ किलोमीटर, काळं नख, लिंबू. नाना पण शेजारी बसले. मफलर सैल केला.

"ती चांगली आहे हो. वाईट असती तर सोपं होतं. मला तिचं वाईट व्हायला नकोय. फक्त... ती पुढे दिसली की इथे जळतं. आत्ता पण जळतंय."

"असू दे. थंडीचे दिवस आहेत."

मला हसू आलं. रडताना हसलं की नाक फार वाहतं. बाहीला पुसलं.

पलीकडून मालगाडी गेली. ते डबे मोजतात असं मला नेहमी वाटतं, पण विचारायची हिंमत होत नाही.

"पलीकडच्या हद्दीला वामन बेंडकुळे होता," ते म्हणाले. "ज्याच्याशी वही बदलायचो, तो."

"हां."

"अठरा हिवाळे. दर वेळी माझ्या आधी टोकावर. दगडावर बसलेला, बिडी पेटवून. मला बघितलं की म्हणायचा, 'आलं का लहानू?' एवढंच. अठरा वर्षं तेच."

"राग नाही आला?"

"त्याची बदली व्हावी म्हणून देवीला नारळ बोललो होतो."

"तुम्ही?"

"मी."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. म्हणजे मला वाटत होतं जगात हे एक माझ्याच पोटात आहे.

"मग?"

"झाली बदली. मनमाडच्या पुढं."

"नारळ फोडला?"

"फोडला. खोबरं पण वाटलं."

"मग काय, बरंच झालं."

"हां... त्याच्या जागी नवीन आला. सावकाश चालायचा. मग टोकावर मी आधी. दगडावर मी बसायचो."

"भारी."

"एक आठवडा."

"आणि मग?"

नानांनी गवताची एक काडी उपटली. बघितली. टाकली.

"त्याच हिवाळ्यात माझ्या हद्दीत रूळ चिरला. मला दिसला नाही. मुकादमाला दिसला, म्हणून गाडी थांबली."

"चुकून राहिला असेल..."

"मी तिथून दोनदा गेलो होतो. टोकावर वामन नव्हता ना."

मी काही विचारलं नाही. पहिल्यांदाच, आयुष्यात.

मग मी मोबाइल काढला. बोटं गार पडली होती, तीन वेळा चुकीचा नंबर दाबला. दादानं उचलला, झोपेतला आवाज.

"काय रे पहाटे पहाटे?"

"दादा, तो फॉर्म भरू नकोस."

"कुठला फॉर्म?"

"वहिनीचा. हाफचा. ते तीन दोन माझं नाहीये. आमची घड्याळं बदलली होती. परतीचे सोळा तिचे आहेत. तिची खरी रन तीनच्या आतली आहे, फार आतली. माझी तीन सोळा आहे."



"तू दोन दिवस गप्प बसलास?"

"हो."

"काल आई बोलत होती तेव्हा पण?"

"हो."

"निनाद, तू..." मग त्यानं काहीतरी म्हटलं ते मी इथे लिहीत नाही. माझाच दादा आहे, चुकीचं काही म्हणाला नाही.

मग मागून वहिनीचा आवाज आला. फोन तिनं घेतला.

"भाऊजी."

"हं."

"आईंना तुम्ही स्वतः सांगा. माझ्या तोंडून नको."

"सांगतो. आल्या आल्या सांगतो."

"आणि मोरीवर बारा मिनिटं थांबले होते, ते पण सांगा."

"सांगतो."

"ग्रुपवर पण."

"वहिनी, ग्रुपवर पण?"

"मेहनत लिहिलंत ना तिथे?"

"...लिहितो."

मग ती म्हणाली, "आवाज असा का येतोय? उलटी झाली का?"

"नाही. हो. थोडी."

"आलं-गूळ ठेवते. या."

फोन ठेवला. मला हलकं वाटायला पाहिजे होतं ना? सगळे म्हणतात, खरं बोललं की हलकं वाटतं. मला पाच सेकंद वाटलं. मग वाटलं, आता ती फुल धावणार. तिची ती वेणी. आणि पोटात परत तेच, तसंच, जसंच्या तसं. आलं-गुळाचं ऐकून तर अजूनच.

नाना उठले. माझ्यापुढे हात केला. मी धरून उभा राहिलो, मांडी कुरकुरली.

"नाना."

"बोल."

"म्हणजे बत्तीसला तुम्ही आता तिच्यासाठी उभे राहणार."

"हां."

"पक्कं?"

"पक्कं. ते तर दिवाळीलाच ठरवलं होतं."

दिवाळीलाच. म्हणजे मी जे नऊ-नऊ किलोमीटर चोरून धावलो ते सगळं... जाऊ दे.

मी शूजची लेस बांधायला वाकलो. सुटलेली नव्हती. नुसता वाकलो.

"आणि माझ्याबरोबर? त्या शेवटच्या दहात माझ्याबरोबर कोण असेल, नाना?"

नानांनी मफलर कानावर ओढला, गाठ मारली, आणि घराच्या दिशेनं सावकाश पाय उचलले.

"ती असंलच की. तुझ्या पुढं."